खिदिरपूर किती लांब आहे?



"तुमचं घर ऑफिसपासून किती लांब?" असं कुणी विचारलं, तर तुम्ही काय सांगता? डोंबिवलीचा माणूस "सव्वा तास" म्हणतो. हडपसरचा माणूस "ट्रॅफिक नसेल तर पाऊण तास" म्हणतो. कोलकात्यातल्या खिदिरपूरचा माणूस "जॅम नसेल तर वीस मिनिटं" म्हणतो आणि हसतो, कारण जॅम कधी नसतो हे त्यालाही ठाऊक असतं. किलोमीटर कुणीच सांगत नाही. रोज जा-ये करणाऱ्याला किलोमीटरचा काही उपयोग नसतो.

पण हाच माणूस घर विकत घ्यायला निघाला, भाड्याची जागा बघायला लागला किंवा मुलीचं कॉलेज ठरवायला बसला, की पहिला प्रश्न किलोमीटरचाच विचारतो. मोबाईलवर नकाशा उघडतो, दोन ठिपके जोडतो आणि म्हणतो, "अरे, जवळच आहे की!" मग पुढची दहा वर्षं ते 'जवळ' त्याच्या अंगावर येतं.

आज आपण अंतर नीट कसं मोजायचं ते पाहू. उदाहरणाला खिदिरपूर घेऊ. हे ठिकाण गेल्या सव्वाशे वर्षांत जागचं तसूभरही हललेलं नाही. तरीही ते कधी शहराच्या जवळ आलं, कधी लांब गेलं. हे कसं झालं ते कळलं, की तुमच्या घराचं खरं अंतर तुम्हाला कागदावर काढता येईल.

नकाशावर चार-पाच किलोमीटर

कोलकाता न पाहिलेल्यांसाठी आधी थोडा पत्ता. शहराचा मध्य म्हणजे एस्प्लनेड. बंगाली माणूस त्याला धर्मतला म्हणतो. तिथून नैऋत्येला निघालं की आधी मैदानाची मोठी हिरवळ लागते, मग फोर्ट विल्यमचा परिसर, मग हेस्टिंग्ज. पुढे आदिगंगेचा, म्हणजे टॉलीच्या नाल्याचा पूल ओलांडला की खिदिरपूर. अंतर जेमतेम चार-पाच किलोमीटर. मुंबईच्या हिशेबात सीएसएमटीपासून भायखळा-चिंचपोकळी जेवढं, तेवढंच.

खिदिरपूरची गोदी १८९२ मध्ये सुरू झाली. बंदर आलं तशी हमाल, खलाशी, कारकून, दुकानदार, शिंपी अशी सगळ्या प्रांतांतली माणसं इथे आली. पश्चिमेला गार्डन रीच आणि मटियाबुर्ज, दक्षिणेला मोमिनपूर, माझेरहाट, बेहाला आणि पार जोका. या सगळ्या बाजूंनी शहरात येणारी बरीच माणसं खिदिरपूरवरून किंवा त्याच्या आसपासून जातात. म्हणजे खिदिरपूर हे नरसाळ्याचं तोंड आहे. वरून कितीही ओता, खाली तोंडातून जाईल तेवढंच जातं.

आता प्रश्न असा, की एवढ्याशा अंतराची इतकी चर्चा कशाला?

रोजचा एक तास

चेझारे मार्केटी नावाच्या इटालियन शास्त्रज्ञाने १९९४ मध्ये एक गमतीचा विचार मांडला. त्याआधी याकोव्ह झहावी या वाहतूकतज्ज्ञाने त्याची पायाभरणी केली होती. विचार साधा आहे. माणूस कुठल्याही काळातला असो, रोजच्या जाण्यायेण्याला साधारण एक तास देतो. अर्धा तास जायला, अर्धा तास यायला. वाहन वेगवान झालं म्हणून तो वेळ वाचवत नाही, तेवढ्याच वेळात जास्त लांब राहायला जातो. प्रत्येकाचा एक तास असतो असं नाही. कुणाला अडीच तास लागतात, कुणाला पंधरा मिनिटं. पण मोठ्या समूहाची सरासरी त्याच्या आसपास फिरते, असं त्याचं म्हणणं.

आता हा हिशेब खिदिरपूरला लावू. पायी चालणारा माणूस तासाला पाच किलोमीटर जातो. अर्ध्या तासात अडीच किलोमीटर. म्हणून जुनी शहरं मध्यापासून साधारण अडीच किलोमीटरपर्यंत पसरत आणि थांबत. जुन्या पुण्याच्या पेठा आठवा. शनिवारवाड्यापासून कुठल्याही पेठेत अर्ध्या तासात चालत पोचता येतं.

खिदिरपूर या मर्यादेच्या बाहेर पडतं. एस्प्लनेडपर्यंत चालत जायला सुमारे एक तास आणि यायला एक तास. ज्याच्याकडे दुसरा उपाय नव्हता तो चालत गेलाच असेल. पण खिदिरपूरला राहून शहरात रोज नोकरी करायची, तर मधे काहीतरी चाकांवरचं हवं होतं.

ट्राम आली आणि खिदिरपूर जवळ आलं

कोलकात्यात घोड्यांची ट्राम पहिल्यांदा धावली २४ फेब्रुवारी १८७३ रोजी, सियालदह ते आर्मेनियन घाट. तेव्हा ती काही महिन्यांतच बंद पडली. नंतर कंपनी स्थापन होऊन १८८० पासून ट्रामने जम धरला. विजेवरची पहिली ट्राम मात्र कुठे धावली माहीत आहे? एस्प्लनेड ते खिदिरपूर. तारीख २७ मार्च १९०२.

मुंबईकरांनी इथे जरा थांबावं. मुंबईत घोड्यांची ट्राम १८७४ मध्ये आली, पण विजेवरची यायला १९०७ उजाडलं. मद्रासमध्ये ती १८९५ पासून होती. म्हणजे ज्या खिदिरपूरचं नाव आपल्यापैकी अनेकांनी ऐकलेलंही नाही, तिथला माणूस मुंबईच्या माणसाआधी पाच वर्षं विजेच्या ट्राममध्ये बसून कामाला जात होता.

ट्रामचा वेग सायकलीएवढा, म्हणजे तासाला बारा किलोमीटर धरू. साडेचार किलोमीटरला बावीस-तेवीस मिनिटं. एक तासाचं अंतर अर्ध्याहून खाली आलं. मार्केटीच्या भाषेत सांगायचं तर खिदिरपूर अर्ध्या तासाच्या रिंगणात आलं. जमीन तीच, माणसं तीच, मधला नाला तोच. तरी गाव शहराच्या जवळ सरकलं.

या ट्रामची आणखी एक खुबी होती. मैदानातून जाताना तिचे रूळ रस्त्यापासून वेगळे, हिरवळीवरून जात. शेजारच्या रस्त्यावर मोटारींची रांग लागली, तरी मैदानाच्या पट्ट्यात ट्राम आपल्या वाटेने पुढे जायची. रोज जाणाऱ्याला वेगापेक्षा भरवसा हवा असतो, तो या स्वतंत्र वाटेत होता.

ही ट्राम शंभर वर्षांहून जास्त चालली. शेवटच्या काळात तिचा क्रमांक ३६ होता. २० मे २०२० रोजी अम्फान चक्रीवादळ कोलकात्यावर आलं. मैदानातली झाडं पडली, विजेच्या तारा तुटल्या. त्यानंतर खिदिरपूरची ट्राम पुन्हा धावली नाही. २०२४ मध्ये राज्य सरकारने एस्प्लनेड ते मैदान एवढाच मार्ग वारसा म्हणून ठेवून बाकीच्या ट्राम बंद करण्याचा मनोदय जाहीर केला. म्हणजे खिदिरपूरच्या जुन्या वाटेतला पहिला तुकडा पर्यटकांसाठी, आणि पुढचा खिदिरपूरपर्यंतचा तुकडा कुणासाठीच नाही.

वादळाने ट्राम बंद केली हे खरं. पण वादळ एका दिवसाचं होतं. पुढची सगळी वर्षं ती बंद राहिली ती माणसांच्या निर्णयामुळे. झाड उचलता येतं, तार जोडता येते. ती जोडली नाही, की गाव पुन्हा लांब जातं. या लांब जाण्याची नोंद कुठल्याच नकाशात होत नाही.

एक पूल पडतो तेव्हा

अंतर पुलांवरही अवलंबून असतं. नदीकाठच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

खिदिरपूरच्या समोर, हुगळीच्या पलीकडे हावड्याचं शिबपूर आहे. काठावर उभं राहिलं तर समोरची इमारत दिसते. पण वाहनाने जायचं तर पूर्वी वर हावडा पुलापर्यंत जाऊन वळसा घालावा लागे, नाहीतर नावेने नदी पार करावी लागे. दुसऱ्या पुलाची पायाभरणी १९७२ मध्ये झाली. विद्यासागर सेतू या नावाने तो खुला झाला १० ऑक्टोबर १९९२ रोजी. वीस वर्षं गेली. ज्या मुलाच्या जन्माच्या वर्षी पायाचा दगड बसला, तो पूल खुला झाला तेव्हा विशीत होता आणि नोकरी शोधत होता. पण पूल झाला आणि डोळ्यांना दिसणारा पलीकडचा काठ एकदाचा वाहनालाही जवळ आला.

खिदिरपूरच्या गोदीवर एक उचलपूलही आहे. जहाज आत-बाहेर जायचं असलं की पूल वर उचलतात आणि दोन्ही बाजूंची वाहतूक थांबते. हुगळीच्या बंदरात मोठ्या जहाजांची ये-जा भरती-ओहोटी पाहून होते. म्हणजे गार्डन रीचहून निघालेल्या माणसाला कधी कधी समुद्राच्या भरतीमुळे उशीर होतो. साहेबाला हे कारण सांगून बघा!

आणि मग माझेरहाटचा पूल. डायमंड हार्बर रोडवरचा, बेहाला, ठाकूरपुकूर, जोका या सगळ्या दक्षिण उपनगरांना शहराशी जोडणारा. ४ सप्टेंबर २०१८ च्या दुपारी तो कोसळला. माणसं मेली, जखमी झाली. आणि त्या दिवसापासून लाखो लोकांची रोजची वाट तुटली. वाहतूक खिदिरपूर, हाईड रोड, टॉलीगंज अशा बाजूंना वळवली गेली. आधीच अरुंद असलेल्या नरसाळ्याच्या तोंडात आणखी पाणी ओतलं गेलं. नवा पूल खुला झाला ३ डिसेंबर २०२० रोजी. मधे सत्तावीस महिने गेले.

इथे आपण एक साधा हिशेब करू. समजा, या वळशामुळे एका माणसाला जाताना अर्धा तास आणि येताना अर्धा तास जास्त लागला. लॉकडाऊनचे महिने सोडून वीस महिने धरा, महिन्याला पंचवीस दिवस. पाचशे तास झाले. आठ तासांचा एक कामाचा दिवस धरला तर बासष्ट दिवस. बेहालाच्या एका माणसाने दोन महिन्यांहून जास्त काळ बिनपगारी काम केल्यासारखंच झालं, तेही बसमध्ये उभ्याने. पुलाच्या दुरुस्तीचा खर्च मांडताना हे बासष्ट दिवस कुठल्याही रकान्यात येत नाहीत. प्रत्येक घराच्या रकान्यात मात्र ते आलेले असतात. कुठे आईला मुलाचा अभ्यास घेता आला नाही, कुठे बाबा जेवणाच्या वेळी घरी नव्हते, कुठे कुणी नोकरीच सोडली.

मेट्रो आली, पण कुठपर्यंत?

आता तुम्ही म्हणाल, मेट्रो झाली की हे सगळं संपेल. संपेलही. पण मेट्रोची गोष्टसुद्धा अंतराबद्दल बरंच शिकवते.

भारतातली पहिली मेट्रो कोलकात्याचीच. २४ ऑक्टोबर १९८४ रोजी एस्प्लनेड ते भवानीपूर अशी ती सुरू झाली. दक्षिण-पश्चिमेच्या उपनगरांना मात्र तिचा थेट उपयोग नव्हता. त्यांच्यासाठी जोका ते एस्प्लनेड अशी वेगळी मार्गिका ठरली. २०१० मध्ये तेव्हाच्या राष्ट्रपती, आपल्या जळगावच्या प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते तिची पायाभरणी झाली. डायमंड हार्बर रोडवर १९८६ पासून जोकापर्यंत ट्राम जात होती. मेट्रोच्या कामासाठी तीही बंद झाली. मेट्रोचा पहिला तुकडा, जोका ते तारातला, सुरू झाला ३० डिसेंबर २०२२ रोजी. २०१० मध्ये पहिलीत असलेलं मूल एव्हाना बारावी ओलांडून गेलं होतं. मार्च २०२४ मध्ये ही गाडी माझेरहाटपर्यंत आली.

सुरुवातीला या मार्गावर जवळपास तासाला एक गाडी होती, तीही सोमवार ते शुक्रवार. विचार करा. जोका ते तारातला हा प्रवास काही मिनिटांचा. पण गाडी चुकली तर पुढचा तास गेला. अशा वेळी अंतर काय समजायचं? काही मिनिटं की एक तास?

आणि दुसरी गोष्ट. माझेरहाटच्या पुढे मोमिनपूर लागतं, त्यानंतरचा खिदिरपूर, व्हिक्टोरिया, पार्क स्ट्रीट, एस्प्लनेड हा भाग जमिनीखालून जायचा आहे आणि तिथे अजून काम चालू आहे. तोवर माणूस माझेरहाटला उतरतो आणि बस पकडतो. किंवा सर्क्युलर रेल्वेची वाट पाहतो. ती माझेरहाटहून खिदिरपूर, प्रिन्सेप घाट, बाबूघाट अशी नदीकाठाने सुंदर जाते, पण तिच्या गाड्या मोजक्या. तिकडे एस्प्लनेडला पोचलेल्या माणसाला २०२४ पासून हुगळीखालून जाणारी मेट्रो थेट हावडा स्टेशनला नेते. म्हणजे दोन्ही टोकांना नवी कोरी गाडी आहे, मधला दुवा राहिलाय. साखळी कितीही भक्कम असो, एक कडी तुटलेली असेल तर विहिरीतून बादली वर येत नाही.

तुमच्या घराचा हिशेब

आता खिदिरपूर बाजूला ठेवून तुमच्या घराकडे येऊ. खरं अंतर काढायला पाच आकडे लागतात. कागद घ्या.

पहिला आकडा: घराच्या दारापासून थांब्यापर्यंत चालण्याची मिनिटं. लिफ्टची वाट, सोसायटीचं फाटक, रस्ता ओलांडणं, सगळं धरून.

दुसरा: वाट पाहण्याची मिनिटं. वेळापत्रक न बघता थांब्यावर गेलात, तर सरासरी दोन गाड्यांमधल्या वेळेच्या निम्मी वाट पाहावी लागते. दर दहा मिनिटांनी बस असेल तर पाच मिनिटं. दर चाळीस मिनिटांनी असेल तर वीस. आणि पहिली गाडी भरून आली, दारात लटकायलाही जागा नाही, तर दुसरीपर्यंतचा वेळही त्यात मिळवा.

तिसरा: प्रत्यक्ष प्रवास. जाहिराती आणि मोबाईलमधले नकाशे आपल्याला ठळकपणे दाखवतात तो बहुधा एवढाच आकडा.

चौथा: बदल. एका गाडीतून उतरून दुसरी पकडणं. इथे चालणं, जिना, पुन्हा वाट, पुन्हा गर्दी. कोलकात्यात शेअर ऑटो ठरलेल्या मार्गावर चालतात, त्यामुळे अनेकांचा प्रवास ऑटो, मग मेट्रो, मग बस असा तीन तुकड्यांचा होतो. मुंबईत दादरचा पूल ओलांडणाऱ्यांना हे सांगायला नको.

पाचवा: राखीव वेळ. हा सगळ्यात दुर्लक्षित. बहुतेक दिवस चाळीस मिनिटं लागतात, पण आठवड्यातून एखादा दिवस सत्तर लागतात. ऑफिसात बोटाचा ठसा नऊला द्यायचा असेल, तर तुम्ही रोज किती आधी निघता? शहाणा माणूस सत्तर मिनिटं आधीच निघतो. म्हणजे उरलेले चार दिवस तो अर्धा तास लवकर पोचून चहा पीत बसतो. ती तीस मिनिटंही त्याच्याच आयुष्यातली आहेत.

हे मोजायची सोपी रीत सांगतो. दहा दिवसांचा प्रवास दारापासून दारापर्यंत लिहून काढा. आकडे लहान ते मोठा असे लावा. सगळ्यात वाईट दिवस अपवाद म्हणून सोडा. त्याच्या खालचा, म्हणजे दुसऱ्या नंबरचा वाईट आकडा, हे तुमच्या घराचं खरं अंतर.

एक कल्पित उदाहरण घेऊ. पहिलं घर ऑफिसपासून सहा किलोमीटरवर आहे. चालणं आठ मिनिटं, वाट आठ, पहिली बस पंचवीस, बदल दहा, दुसरी बस पंधरा, शेवटचं चालणं सहा. बेरीज बहात्तर. दुसरं घर चौदा किलोमीटरवर. चालणं दहा, वाट पाच, थेट लोकल पस्तीस, शेवटचं चालणं आठ. बेरीज अठ्ठावन्न. दुप्पटीहून लांब असलेलं घर चौदा मिनिटांनी जवळ निघालं! यात अजून राखीव वेळ धरलेला नाही. तो धरला तर दोन बस आणि एक सिग्नलचा चौक असलेलं पहिलं घर आणखी मागे पडेल.

पैशांचं गणित आणि त्यापलीकडचं

"पण लांबचं घर स्वस्त पडतं," हे तुमचं म्हणणं बरोबर आहे. म्हणूनच उपनगरं वाढतात. फक्त स्वस्त म्हणजे किती, ते नीट बघू.

समजा, शहराजवळच्या घराचं भाडं महिन्याला चार हजार रुपये जास्त आहे, पण तिथे राहिल्याने प्रवासखर्चाचे हजार रुपये वाचतात. म्हणजे खरा फरक तीन हजारांचा. लांबच्या घरामुळे रोज एक तास जास्त जात असेल, तर महिन्याचे पंचवीस तास. तीन हजार भागिले पंचवीस, एकशे वीस रुपये. म्हणजे तुम्ही तुमचा एक तास एकशे वीस रुपयांना विकताय. हा भाव तुम्हाला परवडतो का? कुणाला परवडेल, कुणाला नाही. घरातले दोघंही नोकरी करत असतील तर तास दुप्पट होतात आणि भाव साठ रुपयांवर येतो. उत्तर प्रत्येक घराचं वेगळं असेल. पण सौदा करण्याआधी भाव माहीत असावा.

आणि एक लक्षात घ्या. आलोईस स्टुत्झर आणि ब्रूनो फ्राय या स्वित्झर्लंडच्या दोन अर्थशास्त्रज्ञांनी जर्मनीतली माहिती तपासून २००८ मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यांना असं दिसलं, की ज्यांचा रोजचा प्रवास लांबचा आहे ते आयुष्याबद्दल कमी समाधानी असतात. चांगला पगार किंवा स्वस्त घर मिळूनही ती कमतरता पूर्ण भरून निघत नाही. आपण घर घेताना एक जास्तीची खोली बघतो, ती डोळ्यांना दिसते. रोज जाणारा तास दिसत नाही, म्हणून त्याची किंमत कमी धरतो.

घरातल्या प्रत्येकाचं अंतरही वेगळं असतं. आजोबांसाठी घर ऑफिसपासून किती लांब याला अर्थ नाही. दवाखाना किती पायऱ्यांवर आणि किती गाड्या बदलून, हे त्यांचं अंतर. कॉलेजातल्या मुलीसाठी रात्री आठनंतर थांब्यावर दिवा आहे का आणि बस मिळते का, हे अंतर. आणि घरातल्या बाईचा प्रवास बहुतेक वेळा सरळ रेषेत नसतो. मुलाला शाळेत सोडायचं, मग ऑफिस, येताना भाजी, औषध, शिकवणीवरून मुलाला घ्यायचं, मग घर. तिच्या वाटेत चार थांबे असतात. एक थेट गाडी बंद झाली तर साहेबाची दहा मिनिटं जातात, तिची चाळीस.

मुंबईत १९९२ मध्ये चर्चगेट-बोरिवली महिला विशेष लोकल सुरू झाली, कोलकात्याच्या उपनगरी मार्गांवर 'मातृभूमी' लोकल आहे. गाडी किती वाजता आहे आणि तिच्यात चढता येतं का, यावर एखाद्या बाईची नोकरी टिकते किंवा सुटते. कोलकात्याच्या बसमध्ये कंडक्टरची एक आरोळी प्रसिद्ध आहे, "आस्ते लेडीज, कोले बाच्चा!" म्हणजे हळू घे, बाई उतरतायत, कडेवर मूल आहे. ड्रायव्हर बस थांबवतो. मला वाटतं, शहराची वाहतूक आखणाऱ्यांच्या टेबलावर ही आरोळी लिहून ठेवायला हवी.

मग करायचं काय?

घर बदलणं सगळ्यांना शक्य नसतं. पण काही गोष्टी हातात असतात.

नवं घर बघायला रविवारी दुपारी जाऊ नका. सोमवारी सकाळी, तुमच्या ऑफिसच्या वेळेला, त्या घरापासून ऑफिसपर्यंत एकदा प्रत्यक्ष जाऊन बघा. शक्य झालं तर एकदा पावसात. एजंट "दहा मिनिटांवर स्टेशन" म्हणाला, तर त्याच्यासोबत चालतच जा.

येऊ घातलेल्या मेट्रोवर किंवा पुलावर घराची किंमत मोजू नका. आज जी गाडी धावते तिच्यावर मोजा. जोकाच्या लोकांनी बारा वर्षं वाट पाहिली. विद्यासागर सेतूला वीस लागली. नवी सोय झाली तर ती वरची कमाई.

ऑफिसात येण्या-जाण्याची वेळ अर्धा तास मागे-पुढे करता येते का, हे विचारून बघा. कधी कधी अर्ध्या तासाच्या फरकाने गर्दीतला पाऊण तास वाचतो. आठवड्यातला एक दिवस घरून काम मिळालं, तर वर्षाला पन्नास फेऱ्या वाचतात.

आणि तुमच्या भागातली एखादी बस, लोकल किंवा ट्राम 'तात्पुरती' बंद झाली, तर ती कधी सुरू होणार याची तारीख विचारा. एकट्याने नको, सोसायटीने मिळून, लेखी. किती माणसं तिने जात होती, आता प्रत्येकाला किती मिनिटं जास्त लागतात, हे आकडे त्या पत्रात घाला. खिदिरपूरची ट्राम एका वादळात थांबली आणि मग न धावण्याचीच सवय झाली. आधी आपण चिडतो, मग पर्याय शोधतो, मग विसरतो. लेखी आकडा असला की विसरणं थोडं अवघड जातं.

या आठवड्याचं काम घरातल्या मुलांना द्या. फ्रिजवर एक तक्ता लावा. आई, बाबा, ताई, दादा, प्रत्येकाच्या नावापुढे निघण्याची आणि पोचण्याची वेळ रोज लिहायची. दहा दिवसांनी बेरीज करायची. मुलांना सरासरी शिकायला यापेक्षा चांगला धडा नाही. आणि घरातलं कोण रोज किती वेळ घराबाहेर रस्त्यावर घालवतं, हे पहिल्यांदाच सगळ्यांना दिसेल. कदाचित संध्याकाळी दार उघडल्यावर "एवढा उशीर का?" विचारण्याआधी कुणीतरी पाण्याचा पेला पुढे करेल.

तुमचा आकडा किती निघाला, ते आम्हाला जरूर कळवा. किलोमीटर सांगू नका, मिनिटं सांगा!